अभयभाऊंच्या गाडीतला रातकिडा

आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात कुणाच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली वाकलेला परका पुरुष दिसला तर घाबरायचं कारण नसतं. ते अभयकुमार असतात. गॅसच्या नारिंगी नळीवरची तारीख वाचत असतात. माझ्याकडे सत्यनारायण होता तेव्हा हे गृहस्थ शेजारधर्म म्हणून आले, चपला काढल्या आणि देवापुढे न जाता थेट शेगडीपुढे गेले. मग भरल्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चारूताई, नळीची मुदत मागच्याच वर्षी संपलीय! जिवाशी खेळताय का?" गुरुजी पोथी वाचायचे थांबले. माझे यजमान कुंदनराव माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना विष घालायच्या बेतात होते.

दुसऱ्या दिवशी नळी बदलली. अर्थात त्यांच्याच दुकानातून.

दाणाबाजाराजवळ त्यांचं दुकान आहे. शेगड्या, नळ्या, रेग्युलेटर, कुकर आणि कुकरच्या रिंगा. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण पाच पिढ्यांपासून जळगावात. घरात मारवाडी बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि खेड्यातला माणूस आला की त्याच्याच बोलीत 'काय शे भाऊ' करून त्याला अर्ध्या मिनिटात बाकावर बसवतात. बसवलं की प्रवचन सुरू. "कंपनी तारीख कशाला छापते? शोभेला? तारीख म्हणजे तारीख." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलंय की पोरंटोरं त्यांना पाठीमागे 'एक्स्पायरी शेठ' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. मला तर वाटतं, त्यांना ते आवडतं.

दुसरा अभिमान नाकाचा. "तीस वर्षं गॅसच्या धंद्यात घालवली ताई, माझं नाक हाच अलार्म आहे. तिकडे खोटेनगरला गळती झाली तर मला इथे वास येईल." खोटेनगरवाल्यांनी या नाकाच्या भरवशावर निर्धास्त झोपावं, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

मी चारुलता. त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते. माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. शाळेच्या ऑफिसात नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन लोकांवर चिडायला मोकळी झाले आहे. अभयभाऊंच्या आई जतनबाई या माझ्या जिवाभावाच्या. वयाने माझ्या आईएवढ्या, अंगाने चिमणीएवढ्या. घरात सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला आयुष्यात एकदाही उलट न बोलता गप्प करणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

तर बाईंच्या यात्रांसाठी म्हणून अभयभाऊंनी ती गाडी घेतली. मुंबईच्या कुणा हौशी कुटुंबाने एका ट्रॅव्हलर गाडीच्या पोटात घर बांधून घेतलं होतं. झोपायच्या फळ्या, शेगडी, सिलिंडर, भांडी धुवायचं बेसिन, सगळं. हौस फिटली आणि त्यांनी ती विकली. अभयभाऊंनी पिंप्राळ्यात आणली तेव्हा आख्ख्या गल्लीला आतून फिरवून दाखवली. बाईंना सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं, पाणी उकळलेलंच लागतं, बाहेरचं काही चालत नाही. म्हणून ही सोय. मलाही प्रत्येक यात्रेत नेत. चार-चार दिवस वांग्याच्या भरिताशिवाय काढणं हे माझं तप. त्याचं कौतुक कुणी केलं नाही ते सोडा.

खरं तप बाईंचं. गेल्या वर्षीच्या चैत्रात त्यांनी वर्षीतप धरलं. म्हणजे एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षाहूनही जास्त. उपासाच्या दिवशी फक्त उकळलेलं पाणी आणि तेही उजेड असेपर्यंतच. अंधार पडला की जेवणाच्या दिवशीसुद्धा पाण्याचा थेंब नाही. अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. ऐंशी गाठलेल्या बाईने हे करायचं म्हणजे गंमत नाही. डॉक्टर नको म्हणाले, सूनबाई चेलना रडली, मी भांडले. बाई म्हणाल्या, "एवढं एकच मागते. हे पूर्ण होऊ द्या, मग मी काही मागणार नाही." पुढे कुणाची बोलायची छाती झाली नाही. दिवाळी उलटली तशा त्या आणखी वाळल्या, पण डोळ्यांत असं काही समाधान की आम्ही सगळे अक्षय्य तृतीयेकडे डोळे लावून बसलो.

आणि याच सुमारास गाडीत रातकिडा शिरला.

चिक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चिक्. बाईंच्या फळीखाली, जिथे भांड्यांच्या पिशव्या कोंबलेल्या असत, तिथून आवाज यायचा. अभयभाऊ म्हणाले, औषध फवारतो. बस्स, एवढंच त्यांचं चुकलं. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्याच्याने ते बघवेना. "चार इंद्रियांचा जीव आहे तो अभय. आपल्या आसऱ्याला आलाय." झालं. त्या दिवसापासून गाडीत फवारा बंद, पिशव्या ओढणं बंद, आदळआपट बंद. निघायच्या आधी दोन्ही दारं उघडी ठेवून थांबायचं. पाहुण्याला जायचं असेल तर त्याने जावं. पाहुणा काही जाईना. ड्रायव्हर लोटन स्टिअरिंगला हात लावून बसलेला, चेलना घड्याळाकडे बघतेय, आणि दाणाबाजारातले प्रतिष्ठित व्यापारी अभयकुमार जीव न दुखावता बाजूला सारायची मऊ लोकरीची पुंजणी घेऊन गुडघ्यांवर रांगत रातकिड्याला सन्मानाने बाहेर यायची विनंती करताहेत, हे दृश्य मी मन भरून पाहिलेलं आहे. ओट्याखाली वाकायची सवय होतीच.

बाईंना त्या आवाजाचा लळाच लागला. गाडीत बसल्या की आधी कान द्यायच्या. चिक् झालं की हसायच्या, "आहे. बरा आहे."

जानेवारीत धुळ्याला जायचं ठरलं. तिथे बाईंच्या ओळखीच्या साध्वीजी थांबल्या होत्या, त्यांचे आशीर्वाद घ्यायचे होते. निघायच्या आदल्या दिवशी बाई देवळात गेलेल्या पाहून अभयभाऊंनी गाडीतल्या सगळ्या पिशव्या उपसून काढल्या. तेव्हा त्यांना रातकिडा सापडला. पांढऱ्या प्लास्टिकचा, चौकोनी, फळीखाली स्क्रूने बसवलेला. मुंबईवाल्यांनी लावलेला अलार्म होता तो. गॅस गळला तर ओरडायचा, आणि कोळशाच्या किंवा इंजिनच्या धगीतून जो बिनवासाचा विषारी वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड, तो साचला तरी ओरडायचा. आणि स्वतःचं आयुष्य संपलं की, मला बदला हो, बदला, म्हणून अधूनमधून चिक् करायचा. डब्यावर तारीखही छापलेली होती. कधीच उलटून गेलेली.

एक्स्पायरी शेठनी ती तारीख वाचली. आणि वायर उपटली.

हे मला नंतर कळलं. का उपटली म्हणाल, तर लाजेने. गावभर तारखा वाचत हिंडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या आईच्या उशाखाली, मुदत संपलेला डबा महिनोन् महिने बोंबलत होता आणि हे त्याला पुंजणीने गोंजारत होते. हे गल्लीत कळलं असतं तर? आणि मी तर शेजारीच राहते! तेव्हा आवाज बंद करायचा, यात्रेहून आलो की गुपचूप नवा बसवायचा, असा बेत. दोन दिवसांचा तर प्रश्न. नाक होतंच सोबत.

धुळ्याची थंडी जळगावकरांनी पेपरात वाचावी, अंगावर घेऊ नये. आम्ही पोचलो तेव्हा वारा असा सुटला होता की शाल दोन हातांनी धरावी लागत होती. साध्वीजी जिथे उतरल्या होत्या त्यामागच्या मैदानात गाडी लावली. तिथल्या लोकांनी खोली देऊ केली, गरम गाद्या देऊ केल्या. अभयभाऊ म्हणाले, "स्वतःची व्यवस्था असताना तुम्हाला त्रास कशाला?" मोठेपणा तो मोठेपणाच. बाईंचा उपासाचा दिवस, ओठ निळसर पडलेले. ते पाहून अभयभाऊंनी कुठून तरी लोखंडी शेगडी पैदा केली, कोळसे चांगले लाल फुलवले आणि गाडीत आणून ठेवली. खिडक्या गच्च, दारं गच्च. लोटन बाहेरच थांबला. त्याला म्हणे कोंदट सोसत नाही.

"कोळसा पूर्ण पेटलेला आहे," अभयभाऊंनी आम्हाला समजावलं, "धूर नाही, वास नाही. म्हणजे काही धोका नाही." आणि नाकपुड्या फुगवून दीर्घ श्वास घेऊन दाखवला.

ऊब छान होती, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळाने माझं डोकं दुखायला लागलं. दिवसाचं भरित चुकलं म्हणून असेल, असं मला वाटलं. चेलना जांभया देत होती आणि मळमळतंय म्हणत होती. अभयभाऊ म्हणाले प्रवासाचा शीण आहे. खिडकीबाहेर सूर्य नुकताच बुडाला होता. बाईंनी आसन अंथरलं, आता त्या प्रतिक्रमणाला, म्हणजे दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागायला बसणार, आणि एकदा बसल्या की तासभर उठणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्या बसेनात. कान देऊन उभ्या राहिल्या.

"अभय, तो आज बोलला नाही."

"कोण, बाई?"

"आपला रातकिडा. जळगाव सोडल्यापासून एकदासुद्धा नाही."

अभयभाऊंनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, "थंडीत झोपला असेल."

"नाही. या कोळशांनी त्याचा जीव कोंडला असेल. दार उघड."

"बाई, बाहेर वारा काय सुटलाय! तुमच्या पोटात अन्न नाही. एका किड्यासाठी..."

ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. त्या घरात ते वाक्य सुरूसुद्धा करता येत नाही. बाई वळल्या. फळीला धरत, डुगडुगत दाराशी गेल्या. मला उठून त्यांना आवरायचं होतं, पण पाय माझे नव्हतेच. अभयभाऊ उठले आणि तोल जाऊन गुडघ्यांवर पडले. बाईंनी त्या सरकत्या दाराच्या कडीला दोन्ही हात घातले आणि ओढलं. एरवी लोटनलासुद्धा झटका द्यावा लागायचा त्या दाराला. ते सरकलं. गार वारा भसकन आत आला आणि बाई अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अशा कोसळल्या.

"शेठ! बाई पडी गयी!" लोटन ओरडत आला. मग त्याने आमचे चेहरे पाहिले. "अरे, बठ्ठा बाहेर निंघा! पहिले बाहेर निंघा!"

त्याने आधी बाईंना उचललं, मग चेलनाला, मग माझ्यासारख्या भारदस्त बाईला खांद्याशी धरून ओढलं. अभयभाऊ स्वतःच्या पायांनी बाहेर आले आणि मैदानात ओकले.

दवाखान्यात आम्हा चौघांच्या नाकातोंडाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई अगदी तरुण, पण आवाज हेडमास्तरचा. "कोळशाचा वायू आहे. वास नसतो त्याला. अजून थोडा वेळ दार बंद राहिलं असतं तर तुम्ही झोपला असता आणि उठला नसता. गाडीत अलार्म नव्हता का?"

अभयभाऊ मास्कच्या आतून काही तरी पुटपुटले.

"मोठ्याने सांगा."

तेव्हा त्यांनी सांगितलं. डबा, तारीख, वायर, सगळं. बाई तेव्हा ग्लानीत होत्या. पलीकडच्या खाटेवरून मी ऐकलं, तोंडावरचा मास्क काढला आणि मला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. नर्सने मास्क परत लावला. मी परत काढला. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्या माणसाने हात जोडले. "ताई, बाईंना मी सांगतो. मलाच सांगू द्या." मी म्हटलं, सांगा. आणि वाट बघत राहिले.

त्या संध्याकाळी नर्सने गोळीबरोबर दिलेलं पाणी बाई अर्धवट शुद्धीत प्यायल्या. अंधार पडला होता. त्या नर्सला काय ठाऊक? सकाळी डोळे उघडल्यावर त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. चेलनाने तोंड फिरवलं, त्यात त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी वाहत होतं. मला तर वाटलं, त्या खाटेवर डोकं आपटावं. किती महिने, किती उपास, आणि अक्षय्य तृतीया दिसायला लागलेली!

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "आणि तो?"

आता सांगतील, मी मनात म्हटलं. अभयभाऊ आईजवळ वाकले. "सुटला बाई. तुम्ही दार उघडलं तशी त्याने बाहेर उडी मारली. मी पाहिला ना."

बाईंचा चेहरा उजळला. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

गावात परतल्यावर अभयभाऊंनी सगळ्यांना एकच सांगितलं, तपाचा अशक्तपणा, चक्कर आली. कोळशांचा, डब्याचा उल्लेख नाही. लोक म्हणाले, काय आईची सेवा करतो हा! इतकं म्हणाले की एका समारंभात 'मातृसेवा' म्हणून त्यांना शाल घातली. त्यांनी ती घेतली. खांदे एवढे खाली गेले होते की शाल सारखी घसरत होती, पण घेतली. गाडीत नवा अलार्म त्याच आठवड्यात बसला होता, हे कबूल करायला हवं. दर रविवारी बटण दाबून तो वाजवून बघत, बसवल्याची तारीख वर मोठ्या अक्षरांत लिहिलेली. दुकानातही तसले डबे ठेवले. आणि प्रवचनात भर पडली, "धुळ्याच्या बाजूला एक गिऱ्हाईक होतं, आमचं ऐकलं नाही, गाडीतला जुना अलार्म बंद करून ठेवला..." गिऱ्हाइकाचं नाव कुणी विचारलं नाही. मी विचारलं असतं, पण शब्द दिला होता ना! घरी आल्यागेल्यालाही तेच प्रवचन, आणि मी दात-ओठ खात रोज भिंतीपलीकडून ऐकत होते.

साध्वीजींनी बाईंना निरोप धाडला की आजारपणात अशा गोष्टीला सूट असते, मनाला लावून घेऊ नका. बाईंनी हात जोडले आणि तप मात्र सोडलं. जे मोडलं ते मोडलं, म्हणाल्या, आता या शरीरात पुन्हा धरण्याइतकं बळ नाही. पण दुःख म्हणून करायच्या नाहीत. कुणी भेटायला आलं की सांगायच्या, "माझं तप मोडलं, पण एक जीव वाचला. सौदा तोट्याचा नाही." आणि मुलाला हाक मारायच्या, "अभय, सांग रे यांना. कसा उडाला तो?"

अभयभाऊंना सांगावं लागायचं. सुरुवातीला नुसती उडी होती. मग मिशा आल्या. मग तो दाराच्या पट्टीवर क्षणभर थांबला. मग मागे वळून पाहिलं. पुढे पुढे तर तो रातकिडा मैदान ओलांडून निंबाच्या झाडापर्यंत गेला. ऐकणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला तर हसावं की उठून थोबाडीत द्यावी कळायचं नाही.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मी त्यांच्याकडे आमरस घेऊन गेले. ज्यांची तपं पूर्ण झाली त्यांची पारणी तिकडे मंडपात चालली होती, आणि आमच्या बाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. शेजारच्या गल्लीतली एक आजी तिच्या नातीला कडेवर घेऊन आली होती. चेलना तिला पाणी देत होती. बाई म्हणाल्या, "अभय, हिच्या नातीला सांग बरं, रातकिड्याने कशी उडी मारली."

अभयभाऊंनी तोंड उघडलं.   मग तो एवढा मोठा माणूस बाजेजवळ जमिनीवर बसला आणि आईचे पाय धरले.

"रातकिडा नव्हता बाई. डबा होता. अलार्म. त्याची मुदत संपली होती, म्हणून ओरडत होता. मला सापडला तेव्हा मी वायर काढून टाकली. लोक हसतील म्हणून. तुम्हाला अशक्तपणाने चक्कर आली नव्हती. कोळसे मी आणले, आवाज मी बंद केला. तुमचं तप माझ्यामुळे गेलं." ते हुंदके देत होते. पाहुणी बाई नातीला घेऊन चुळबुळत उभी राहिली, पण आता अभयभाऊंना कुणाची पर्वा नव्हती. "तुम्ही दार उघडलं ते फुकट गेलं बाई. एक जीव वाचला म्हणता, पण तिथे जीव नव्हताच. कुणीच नव्हतं तिथे."

बाई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी चेलनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आम्ही होतो ना रे," त्या म्हणाल्या.